पीयूष ग्रंथाचे पारायण

अज्ञान हे पाप नव्हे. शास्त्रकारांनी त्याला दोष म्हटले आहे, आणि दोष दूर होऊ शकतो. परंतु ज्याला आपले अज्ञान ठाऊक आहे, ज्याच्या दारात विचारणारा उभा आहे, त्याने 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द उद्यावर टाकावेत, याला काय म्हणावे? मी ते तीन शब्द अठरा दिवस उद्यावर टाकले. त्या अठरा दिवसांत एका निरपराध सुनेचे घर जाण्याची वेळ आली होती. म्हणून हे लिहून ठेवीत आहे.

आमचे गाव शिरपूरपासून नऊ किलोमीटरवर आहे. तेथील विद्यालयात मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवले. निवृत्त झालो तरी गाव मला गुरुजीच म्हणते, आणि जे कोणालाही वाचता येत नाही ते माझ्याकडे आणते.

श्रावण लागून दोन दिवस झाले होते. सकाळी जानराव आले. जानराव हे खाऊनपिऊन सुखी शेतकरी; सोयाबीन आणि तूर पिकवतात. दर श्रावणात ते घरी पोथी लावतात, आणि पोथीतील शब्द जसा छापला आहे तसाच वाचतात. छपाईची चूकही ते सोडत नाहीत.

"गुरुजी, पीयूष ग्रंथ पाह्यजे होता," ते म्हणाले.

"कोणता?"

"पीयूष. वाशीमच्या डॉक्टरीनबाईनं लिवून देल्ला. पीयूष ग्रंथी पाहावे, असं सरळ लिवलं हाय. म्हनलं, ग्रंथाचं काम हाय तं गुरुजीकडंच जा लागते."

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या पोथ्यांच्या भाषेत 'ग्रंथी' म्हणजे 'ग्रंथामध्ये'. ज्याने चाळीस श्रावण पोथी वाचली आहे त्याच्या डोळ्यांना दुसरा अर्थ दिसत नाही. जानरावांचे वाचन अशुद्ध नव्हते. ते केवळ दोनशे वर्षे मागचे होते.

मग त्यांनी आवाज उतरवला. त्यांची सून वर्षाराणी तीन वर्षांपूर्वी कारंज्याहून आली. मुलगा हरीओम मालाची गाडी चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. मूल अद्याप नाही. चार महिन्यांपासून सुनेची पाळी बंद होती, आणि आता तिच्या अंगावर दूध येऊ लागले होते. गर्भ नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले होते. रक्तही तपासले होते, आणि पुढचे या चिठ्ठीत लिहून दिले होते.

"लेकरू नाई अन् पान्हा हाय," जानराव म्हणाले. "लोकायचं तोंड तुमाले मालूम हाय. हापशीवर बाया म्हनून राह्यल्या का पहिलं लेकरू कारंज्याले ठेवून आली."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हनू? मी वाचनारा मानूस. आमची बुडी म्हन्ते, पोळ्यापर्यंत पाहू. दूध थांबलं तं ठीक. नाई तं तिच्या भावाले बलावू अन् लावून देऊ."

बुडी म्हणजे त्यांची पत्नी, आणि लावून देणे म्हणजे माहेरी पोचवणे. आणि पोळ्याला पोचवलेली सून आमच्याकडे दिवाळीला परत येत नाही.

आता माझे ऐका. 'पीयूष' या शब्दाचा एक अर्थ अमृत. दुसरा अर्थ, नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूध, ज्याला आपण चीक म्हणतो. प्रसंग दुधाचा, शब्द दुधाचा. अर्थ इतका नेमका जुळला की असा ग्रंथ नसेलच, ही शंका मला आली नाही. खरे म्हणजे आली. मी तिला बसायला सांगितले नाही.

"पाहावे लागेल," मी म्हणालो.

हे वाक्य खोटे नाही. पुष्कळ विद्वानांचे सबंध आयुष्य या एका वाक्यावर निभावले आहे. जानराव समाधानाने उठले, आणि दुपारपर्यंत पीयूष ग्रंथ गुरुजींपाशी आहे, असे त्यांच्या घरी निश्चित झाले. चिठ्ठी दाखवा, असे मी म्हणालो नाही. ती त्यांनी पोथीत खूण म्हणून ठेवली होती.

सहा दिवस मी पेट्या उपसल्या. पीयूष ग्रंथ सापडला नाही. सापडली ती माझ्या गुरूंनी दिलेली एकोणतीस हस्तलिखित पाने. विषय गोवैद्यक: गाईची कास सुजल्यास काय लावावे, दूध नासत असल्यास काय चारावे. परंतु पहिल्याच श्लोकात 'पीयूष' हा शब्द होता, आणि तेवढ्या एका शब्दाच्या आधारावर मी एकोणतीस पाने उचलून जानरावांच्या घरी गेलो. पाट मांडला जात असताना मी म्हणालो, "हाच तो ग्रंथ, असे निश्चयाने म्हणता येणार नाही." त्याच वेळी कोणीतरी भोंग्याची तार जोडत होते. वाक्य माझ्यापाशीच राहिले.

पारायण अकरा दिवसांचे ठरले. रोज संध्याकाळी अंगणात हॅलोजनचा दिवा लागे, भोंगा शिवाराकडे तोंड करून बांधलेला असे, आणि मी वाची. गावाला सांगण्यात आले की पारायण सोयाबीनसाठी आहे. त्या वर्षी सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला होता, त्यामुळे कोणी अधिक विचारले नाही. पारायण आटोपल्यावरही जानराव दिवा बराच वेळ तेवत ठेवीत; त्याच्यासमोरच्याच खोलीत वर्षाराणी झोपत असे.

ती रोज डोक्यावर पदर घेऊन पाटासमोर बसे. अंगाने बारीक, डोळ्यांखाली काळे. सत्तेचाळिसावा श्लोक लाथ मारणाऱ्या गाईचे मागचे पाय कशा दोरीने बांधावेत याविषयी आहे. तिने त्या श्लोकालाही हात जोडले. मी पुढचा श्लोक वाचला.

अकराव्या दिवशी समाप्ती झाली. जानरावांच्या पत्नी गोजराबाई यांनी सर्वांना तीर्थ दिले. वर्षाराणीने तीर्थ हातावर घेतले, दुसऱ्या हाताने पदराची गाठ सोडली, गाठीतून एक गोळी काढली आणि तीर्थाबरोबर गिळली.

"कसली गोळी, बाई?" मी विचारले.

"पोटाची हाय, गुरुजी. जेवनाच्या आधी घ्या लागते."

"किती दिवस चालू आहे?"

"सात महिने झाले असन. पाच दिवसासाठी देल्ली होती. मळमळ थांबली, मंग म्हनलं गुनाची हाय, राहू दे. हे येता येता मेडिकलातून पट्टी आनतेत."

"डॉक्टरीणबाईंना हे सांगितलेस?"

"त्यायनं औषध चालू हाय का म्हनून इचारलं होतं. हे औषध थोडीच हाय? हे तं पोटाचं हाय."

ती पुन्हा पदराला गाठ मारू लागली. मी त्या गाठीकडे पाहत होतो. गाठ. संस्कृतात ग्रंथि. मराठीत ग्रंथी, स्त्रीलिंगी. शरीरातही असतात.

एकतीस वर्षे हा शब्द मी मुलांकडून चालवून घेतला होता.

"जानराव, ती चिठ्ठी द्या," मी म्हणालो.

पोथीतून चिठ्ठी आली. अक्षर मी ओळखले. आमच्या गावाच्या उत्तरेस तांडा आहे. तेथील मोहनसिंग राठोड यांची मुलगी उज्ज्वला माझ्या वर्गात होती. तांड्यातून संस्कृत घेणारी ती पहिली. 'जे लिहाल ते शुद्ध लिहा, जोडाक्षराला भिऊ नका', हे मीच तिला सांगितले होते. ती भ्याली नव्हती. चिठ्ठीत लिहिले होते: 'पीयूष ग्रंथी पाहावी (अकोला). शिरःप्रतिमा. पंधरा दिवसांत अहवालासह यावे.' 'वी'ची वेलांटी पोथीच्या घडीत झिजून गेली होती, आणि उरले होते त्याला 'वे' म्हणणे अशक्य नव्हते.

"जानराव, येथे अकोला लिहिले आहे," मी म्हणालो. "त्याचे काय?"

"मले वाटलं, ग्रंथ अकोल्याले छापला."

"आणि शिरःप्रतिमा?"

"शिर म्हनजे शिरपूर. पुढं दोन टिंबं हायेत नं. तिथल्या प्रतिमेचं दर्शन. ते आमी पयलेच घेऊन आलो."

विसर्गाला मी कधी संक्षेपाचे चिन्ह समजलो नव्हतो. परंतु दिसतो तो तसाच, हे मान्य करावे लागेल.

"डॉक्टरीनबाई डोक्याचा फोटो म्हनल्या होत्या," वर्षाराणी हळू म्हणाली.

गोजराबाई तिच्याकडे वळल्या. "मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं होतं. मामाजी म्हनले, चिठ्ठीत प्रतिमा लिवली हाय, फोटो नाई. अन् मंग गुरुजी आले. म्हनलं, गुरुजीनं चिठ्ठी वाचलीच असन. म्हनून मी गप बसली."

मी चिठ्ठी घडी केली. घडी करून झाल्यावर करण्यासारखे दुसरे काही उरले नाही.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "पीयूष नावाचा ग्रंथ मला ठाऊक नाही. तो पहिल्या दिवशीही ठाऊक नव्हता. चिठ्ठी मी वाचली नव्हती. अकरा दिवस जे वाचले ते गाईचे होते."

"गाईचं?" गोजराबाईंनी विचारले.

"गाईच्या आजारांचे."

त्यांनी गोठ्याकडे पाहिले. "तरीच. आमची तांबडी अकरा दिवस कान टवकारून उभी होती. मी म्हनलं, जनावर असून किती भक्ती."

जानरावांनी उठून हॅलोजनचे बटन दाबले आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी, गोजराबाई आणि वर्षाराणी वाशीमला गेलो. बरोबर गोळ्यांची पट्टी होती. बसमध्ये गोजराबाई सुनेच्या शेजारी बसल्या नाहीत, माझ्याही नाही. त्या चालकामागच्या जागेवर बसून काचेतून सरळ पुढे पाहत राहिल्या.

डॉ. उज्ज्वला राठोड यांचा दवाखाना स्थानकाच्या रस्त्यावर आहे. मला पाहून त्या खुर्चीवरून उठल्या आणि वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला, आणि मग काय घडले ते क्रमाने सांगितले. त्या मध्ये एकदाही हसल्या नाहीत. हे शिक्षण मी त्यांना दिलेले नव्हते.

"चूक माझीही आहे, गुरुजी," त्या म्हणाल्या. "जानरावकाका इंग्रजी कागदावर विश्वास ठेवत नाहीत, असं वर्षाराणी म्हणाल्या. म्हणून मराठीत लिहिलं. साधं लिहायला हवं होतं."

"शुद्ध लिहिले होतेस."

"तेच तर."

मग त्यांनी पट्टी हातात घेतली, मागचे बारीक अक्षर वाचले आणि वर्षाराणीकडे पाहिले. "ही सात महिने?"

"हो, मॅडम."

"मी विचारलं होतं ना, औषध काय चालू आहे?"

"पोटाची हाय म्हनून नाई सांगतली."

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद ओढला, मस्तकाचा उभा छेद काढला आणि गोजराबाईंना जवळ बोलावले. "आत्याबाई, इकडं या. हा मेंदू. त्याच्या तळाशी ही वाटाण्याएवढी गाठ लोंबते. हीच पीयूष ग्रंथी. अंगातल्या बऱ्याच कामांची चावी हिच्याकडे असते. वाढ, पाळी, दूध. पण ही आपल्या मनानं काही करत नाही. वरून मेंदूचे निरोप येतात, रक्तातून, थेंबाथेंबानं. 'हे सोड' असा निरोप आला की ही ते सोडते. निरोप नाही, तर सोडणं नाही."

"म्हनजे मालक अन् सालदार," गोजराबाई म्हणाल्या.

"बरोबर. मालक सांगेल तेव्हा सालदार पाणी सोडतो. पण दुधाचं उलटं आहे. दुधाच्या बाबतीत मेंदू 'सोड' म्हणत बसत नाही. तो रात्रंदिवस 'थांब' म्हणत असतो. तो निरोप चालू आहे तोवर दूध येत नाही. बाळंतपणात निसर्गच तो निरोप ढिला करतो."

"अन् हिच्या मेंदूनं थांब म्हनाचं सोडलं?"

"मेंदू म्हणतोय. ही गोळी मधे उभी आहे, ती ऐकू जाऊ देत नाही. पोटाची मळमळ थांबवते, पण हा निरोपही अडवते. म्हणून ग्रंथी दुधाचा रस सोडत राहिली, दूध आलं, आणि त्याच रसानं पाळी बंद झाली. बाळंतिणीची होते तशी."

गोजराबाई कागदाकडे पुष्कळ वेळ पाहत होत्या. मी काही स्पष्टीकरण द्यावे काय, असा विचार करीत होतो. त्याची आवश्यकता पडली नाही.

"आमच्या म्हशीचं वगारू मेलं होतं," त्या म्हणाल्या. "तं त्याच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढं उभं केलं. म्हशीनं चाटलं अन् पान्हा सोडला. म्हनजे दूध कासेत नसते, डोक्यात असते. एवढीच गोठ नं?"

"एवढीच," डॉक्टर म्हणाल्या. "पान्हा सोडायचा निरोप वेगळा, दूध तयार करायचा वेगळा. पण कारभार डोक्यातलाच. मी पाच वर्षं शिकले ते हेच."

"मंग म्हशीले कोनी नाई म्हनत, वगारू कुठं ठेवून आली," गोजराबाई म्हणाल्या. हे त्या कोणाला उद्देशून म्हणाल्या ते कळले नाही. वर्षाराणी खाली पाहत होती.

डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितले. आठ दिवसांनी पुन्हा रक्त तपासू. त्या दुधाच्या रसाचा आकडा उतरला तर अकोल्याची गरज नाही. नाही उतरला तर मात्र डोक्याचा फोटो काढावाच लागेल, त्यात टाळाटाळ नको. मग त्यांनी वर्षाराणीच्या डोळ्यांखाली पाहिले. "झोप येते का?"

"नाई येत. दिवा असते अंगनात. पारायनाचा."

डॉक्टरांनी त्याच चित्रात मेंदूच्या मागच्या बाजूस एक लहान शंकू काढला. "ही दुसरी ग्रंथी. हिला डोळे नाहीत, पण अंधार पडला की मेंदू हिलाही निरोप धाडतो, आणि मग ही झोपेचा रस सोडते. उजेड असला की निरोप जात नाही."

"हिला तृतीय नेत्र म्हणतात," मी म्हणालो.

"म्हणतात, गुरुजी. पण हिच्यासाठी स्तोत्र नाही. दिवा मालवायचा."

मी मान डोलावली. पुढची चिठ्ठी त्यांनी अशी लिहिली: 'पोटाची गोळी बंद. आठ दिवसांनी येणे. रात्री दिवा बंद.' लिहून झाल्यावर त्यांनी ती प्रथम माझ्यापुढे धरली. मी वाचली. मग मी ती वर्षाराणीच्या हातात दिली, आणि तिला मोठ्याने वाचायला सांगितले. तिने वाचली. बारावीपर्यंत शिकलेली मुलगी. तिला कोणी वाचायला सांगितले नव्हते, इतकेच.

परतताना बसथांब्यावर मी तिची क्षमा मागितली. सत्तेचाळिसाव्या श्लोकाचा अर्थही सांगितला. ते सांगणे कठीण होते, परंतु न सांगणे हे आणखी एक पारायण झाले असते.

ती म्हणाली, "मी हात जोडले त्याचं पुन्य तांबडीले लागलं असन. लागू द्या. गरीब हाय ते."

बसमध्ये गोजराबाई सुनेजवळ बसल्या.

पोळ्याच्या दोन दिवस आधी दुसरा अहवाल आला. पहिल्या वेळी आकडा एकशे अठरा होता, आता एकवीस. तो योग्य मर्यादेत आहे, असे डॉक्टरांनी दूरध्वनीवर हरीओमला सांगितले. हरीओमने गाडी रस्त्याच्या कडेला लावून ते दोनदा ऐकले, मग घरी कळवले, आणि मला वाटते की पट्ट्या आपण आणीत होतो हे आठवून पुढचा फोन त्याने बराच वेळ केला नाही. दूधही ओसरू लागले होते.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल तोरणाखालून घरी आले. आमच्याकडे बैलांचे पाय धुऊन ओवाळण्याचा मान घरच्या स्त्रीचा. जानरावांच्या दारात हापशीवरच्या बाया नेहमीप्रमाणे उभ्या होत्या. गोजराबाई ताट घेऊन आल्या, त्यांनी ते वर्षाराणीच्या हातात दिले आणि बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओवाळ. पुढच्या साली बी तुलेच ओवाळा लागते, शिकून घे."

बायांपैकी एकीने विचारले, "बरं हाय का आता सुनेचं?"

"तिले काय झालं होतं? गोळी बदलली, बस," गोजराबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी कोनाची पोटाची गोळी चालू असन तं पट्टी घेऊन वाशीमले जा. अन् चिठ्ठी सोता वाचा."

भाद्रपदात सुनेची पाळी परत आली. ही वार्ता गोजराबाईंनी मला रस्त्यात थांबवून स्वतः सांगितली. एवढी सविस्तर वार्ता मला अपेक्षित नव्हती. तरी मी ती आदराने ऐकून घेतली.

जानरावांचे सोयाबीन त्या वर्षी मोझॅकमधून बरेचसे वाचले. त्याची कारणे कृषी सहायकाने सांगितली, पण ती कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. यंदा श्रावण लागताच भिवाजी माझ्याकडे आले. त्यांचे शेत जानरावांच्या बांधाला लागून आहे.

"गुरुजी, तो पीयूष ग्रंथ आमच्याकडं बी वाचा. अकरा दिवस."

"असा ग्रंथ नाही," मी म्हणालो.

"नाई कसा? भोंग्यावर ऐकला न मी."

"तो ग्रंथ नव्हता. असा ग्रंथ मला ठाऊक नाही."

भिवाजी माझ्याकडे पाहत राहिले. "द्याचा नसन तं नाई म्हना. असं काहून बोलता?"

"नाही," मी म्हणालो.

ते नाराज होऊन गेले. उत्तर द्यायला मला यावेळी एक श्वास लागला.

वर्षाराणीच्या घरातला दिवा रोज वेळेवर मालवला जावो आणि तिला शांत झोप लागो. गोजराबाईंचा आवाज हापशीपर्यंत असाच पोचत राहो. जानरावांच्या पोथीतील खुणेला यापुढे साधा मोरपिसाचा तुकडा मिळो. हरीओमची गाडी सुखरूप घरी येवो. उज्ज्वलाच्या हातून शुद्ध आणि साधे दोन्ही लिहिले जावो. आणि मस्तकाच्या तळाशी बसून अहोरात्र 'थांब' म्हणणाऱ्या त्या अदृश्य निरोप्याला, ज्याच्याविषयी मी सत्तरी उलटल्यावर ऐकले, माझा नमस्कार असो. सर्वांचे कल्याण होवो.